कोपराचे राखणदार

दवाखान्यात बसलं की दुखणी गोळा होतात आणि मैदानावर बसलं की किस्से. मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे माझ्याकडे दोन्ही येतं. दुखणी निदान बरी होऊन घरी तरी जातात. किस्से मात्र मुक्कामाला येतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. परवा बहिणीला एक सांगायला गेले, तर त्याच्या मागून दुसरा निघाला, दुसऱ्याच्या मागून तिसरा, आणि तिचा चहा गार झाला. म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकावं.

तर मंडळी, आमच्या नाशकात गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला एका शाळेचं मैदान आहे आणि तिथे मुलं-मुली बेसबॉल खेळतात. हो, बेसबॉलच. क्रिकेट नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन. माझा मुलगा तिथे दोन वर्षं खेळला, मग क्लासेस लागले म्हणून त्याने खेळ सोडला. मुलगा सुटला, मी अडकले. देवरे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त रविवारी येऊन बसा. मुलांचे हात बघा." आता मला फक्त रविवारच दिसतो.

देवरे सर म्हणजे आमचे कोच. मूळचे सटाण्याकडचे, शाळेत पीटी शिकवतात. एरवी शुद्ध बोलतात, राग आला की अहिराणीत शिरतात. तरुणपणी स्वतः पिचर होते, म्हणजे बॅटरच्या दिशेने बॉल फेकणारा. इतके फेकले, इतके फेकले, की आता त्यांचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही. झेंडावंदनाला सगळे सावधान उभे असतात आणि सर मात्र कुणाला तरी चहाला बोलावल्यासारखे दिसतात.

आणि तिसरी कल्याणी. तेरा वर्षांची, आठवीतली, आणि आमची सगळ्यात भारी पिचर. गेल्या सीझनला तिच्या कोपराची आतली बाजू सुजली. या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं, स्नायू जिथे हाडाला धरतो ती जागा कच्ची असते, आणि तीच ती जोराची फेक शंभर शंभर वेळा झाली की ती जागा सुटायला लागते. हाडांच्या डॉक्टरांनी तीन महिने बॉलला हात लावू दिला नाही आणि वर बजावलं, की हे पुन्हा झालं तर पिचिंग विसरा. तिला राज्याच्या टीममध्ये जायचं होतं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांचा जीव तिच्या त्या एका कोपरात अडकला. पुढचे सगळे किस्से त्या कोपराभोवतीचेच आहेत.

*

सरांनी पालकांची मीटिंग घेतली. नियम साधा होता. एका दिवसात कुठल्याही पिचरने पंच्याहत्तरच्या वर बॉल टाकायचे नाहीत. पंच्याहत्तर टाकले की चार दिवस पिचिंग बंद. दुखत असो वा नसो.

"दुखत नसेल तरी?" एका वडिलांनी विचारलं.

मी समजावलं, की दुखायला लागतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. मी चार्ट नेला होता, कोपराचं प्लास्टिकचं मॉडेल नेलं होतं. ते मॉडेल एका छोट्या भावाने खेळायला घेतलं आणि मीटिंगभर परत दिलं नाही.

शेवटी एक आजोबा उठले. जुने खेळाडू, कबड्डीतले. म्हणाले, "हे सगळं नाजूक काम आहे बुवा. आमच्या वेळी कोण मोजत होतं?"

सरांनी शर्टाची बाही वर केली, उजवा हात पुढे केला आणि जितका सरळ होतो तितका सरळ केला. म्हणजे अर्धाच.

"ही बघा आमची वेळ," सर म्हणाले.

नियम एकमताने पास झाला.

*

नियम झाला, आता मोजायचं कुणी? मोजायचे बोरस्ते काका. यशचे काका. यश आमचा मुलांमधला पिचर. काका रिटायर्ड, द्राक्षबाग भावाकडे, वेळ भरपूर. आयुष्यभर गल्लीपासून तालुक्यापर्यंत क्रिकेटच्या मॅचचं स्कोअरिंग केलेलं. यांच्यापेक्षा चांगला माणूस कुठून मिळणार, असं आम्हाला वाटलं.

पहिल्याच सराव सामन्यात कल्याणीचा दिवस वाईट होता. बॉल कुठेही जात होता. बॅटरच्या डोक्यावरून, पायाखालून, एक तर सरळ सरांच्या स्कूटरवर. पाचव्या इनिंगला मला वाटायला लागलं की हे जरा जास्त होतंय. जाऊन विचारलं, "काका, किती झाले?"

"एक्केचाळीस," काका म्हणाले. "भरपूर बाकी आहेत."

"एक्केचाळीस कसे असतील?"

काकांनी वही दाखवली. अक्षर मोत्यासारखं. "हे बघा. पहिल्या इनिंगला नऊ. दुसरीत सात."

"अहो, दुसरीत तर तिने वीस तरी टाकले."

"हो, पण त्यातले तेरा बाहेरचे होते ना."

"मग?"

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, वाइड कोण धरतं?"

मी सरांना हाक मारली. सरांनी वही पाहिली, काकांकडे पाहिलं, पुन्हा वही पाहिली. "हाई काय शे, बोरस्ते?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काकांना खरंच कळेना काय चुकलं. ते म्हणाले, "बरं, आणि जे बॅटला लागून मागे गेले तेही मी धरले नाहीत. ते बॅटवाल्याचे झाले." हिशेब मांडला तर कल्याणीचे तोपर्यंत ब्याऐंशी झाले होते. सरांनी तिला खाली बसवलं आणि मी तिचं कोपर दाबून दाबून बघितलं. सुदैवाने काही नव्हतं. काकांना मात्र आजही वाटतं की त्या दिवशी पोरीवर अन्याय झाला.

*

विश्रांती या शब्दाचा अर्थ आमच्याकडे फार ढिला आहे. विश्रांती म्हणजे तेवढं एक काम सोडून बाकीची सगळी कामं.

यशला चार दिवस बॉल बंद होता. पाचव्या दिवशी पोरगं आलं ते खांदा धरूनच. मी म्हटलं, "बॉल टाकलास ना?"

"नाही मॅडम. आईशप्पथ."

"क्रिकेट?"

"नाही."

"पोहलास?"

"नाही हो."

चेहरा खोटा वाटत नव्हता. मी त्याच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "अहो, बॉलला शिवला पण नाही तो. चारही दिवस ढोल पथकाच्या सरावाला होता. गणपती आले ना जवळ."

चार दिवस, रोज तीन तास, उजव्या हाताने ढोलावर टिपरू. आणि वर त्याचं म्हणणं, "पिचिंग बंद सांगितलं होतं, मॅडम. ढोलाचं कोणी बोललंच नाही." बोरस्ते काकांचाच पुतण्या, शब्दाला धरून चालणारं घराणं.

मी चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहून दिलं: ढोल वाजवणे बंद, दोन आठवडे. दुसऱ्या दिवशी पथकाच्या प्रमुखांचा फोन. अत्यंत अदबीने बोलणारा माणूस. "मॅडम, तुमचा शब्द आम्हाला मान्य आहे. ढोल देत नाही त्याला. झांज चालेल का?"

"झांजही नको. हात वापरायचा नाही."

"बरोबर, बरोबर." थोडं थांबून म्हणाले, "मग ध्वज देऊ का? त्याला वाजवावं लागत नाही. नुसता तीन तास डोक्यावर धरायचा असतो."

*

मोबाइलवर बघून एका मुलाने वळणारा बॉल शिकून आणला. कर्व्ह. मनगट पिळून टाकायचा असतो तो. आधीच कच्चं कोपर, त्यात हा पीळ. सरांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि फर्मान काढलं, "दाढी येईपर्यंत कोणी कर्व्ह टाकायचा नाही. ज्याला दाढी येईल त्याने मला दाखवायची, मग मी शिकवीन."

मुलं गालावरून हात फिरवायला लागली. यश तर म्हणाला की त्याला आलीये, उजेडात बघावी लागेल.

कल्याणीने हात वर केला. "सर, मग मी कधी टाकायचा?"

सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पळायला पाठवलं. पुढचे दोन रविवार ते तिची नजर चुकवत होते. तिसऱ्या रविवारी आले, तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "दहावी झाल्यावर." इतकं साधं उत्तर शोधायला सरांना तीन आठवडे लागले, यावरून त्यांनी ते किती मनावर घेतलं होतं ते कळतं.

*

खेळणाऱ्या मुलांना "दुखतंय का?" असं कधी विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं. "नाही." हात गळून खाली पडला असता तरी ते उचलून "नाही" म्हणतील, कारण दुखतंय म्हटलं की बसवतात.

सरांनी यावर युक्ती काढली होती. ते पोरांना सहज विचारायचे, "काय रे, कालच्यापेक्षा आज दुखणं कमी आहे ना?"

"हो सर, खूप कमी," पोरगं खूश होऊन सांगायचं.

"छान. बस बाजूला."

ही युक्ती सगळ्यांवर चालली. कल्याणीवर नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "कुठलं दुखणं, सर?" आणि असा निष्पाप चेहरा करायची की आपल्यालाच अपराधी वाटावं.

एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेआधी तिची आई दवाखान्यात आली होती, स्वतःची कंबर घेऊन. बोलता बोलता कौतुकाने सांगायला लागली, "पोरगी मोठी व्हायला लागली तशी लाडात यायला लागलीये हो. एवढी वर्षं स्वतःची वेणी स्वतः घालायची. आता आठ दिवस झाले, रोज म्हणते, आई तूच घाल. मलाही बरं वाटतं."

माझ्या हातातलं मशीन तसंच राहिलं. वेणी घालायला दोन्ही कोपरं मागे आणि वर न्यावी लागतात. म्हटलं, "ताई, संध्याकाळी तिला घेऊन या."

आली. कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सूज नव्हती, म्हणजे वेळेत सापडलं होतं. तीन आठवडे विश्रांती, तिची जिल्ह्याची स्पर्धा हुकली; टीम कशीबशी तिच्याविना पुढे गेली. मी तिला स्पष्ट सांगितलं की असं लपवलंस तर तुझा हात कोणीही वाचवू शकणार नाही, ना मी, ना सर. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तू फितूर निघालीस."

आईला बिचारीला कंबर पण दाखवायची राहिली.

*

बोरस्ते काकांच्या जागी मग आले गांगुर्डे. गांगुर्डे म्हणजे कल्याणीचे वडील. हरसूलच्या एसटीवर कंडक्टर. सुट्टीच्या रविवारी मैदानावर येऊन कोपऱ्यात उभे राहायचे, बोलायचे कमी. एकदा सरांनी सहज म्हटलं, आज किती मुलं आलीत कोण जाणे. गांगुर्डे म्हणाले, "एकतीस. दोघं पाणी प्यायला गेलीत." सरांनी वही तिथल्या तिथे त्यांच्या हातात दिली.

काही पालकांनी कुजबुज केली की बाप स्वतःच्या पोरीचे बॉल कसे खरे मोजणार. त्या कुजबुजीला उत्तर लवकरच मिळालं. एका सामन्यात यशचे पंच्याहत्तर झाले आणि तो अजून भरात होता. यशचे वडील गांगुर्डेंजवळ येऊन खांद्यावर हात टाकून म्हणाले, "दादा, दोन बॉल इकडे तिकडे चालतात. एवढा बॅटर काढू दे ना."

गांगुर्डे वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "साहेब, दोन पॅसेंजर बिनतिकिटाचे सोडले तर चेकर कोनाला धरतो? पॅसेंजरला सोडून देतो तो. मला धरतो."

"इथे कुठे चेकर आहे?"

गांगुर्डेंनी पेन यशच्या कोपराकडे रोखलं. "तो काय."

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून बसल्या जागी अस्वस्थ वाटतं.

विभागाची मुलींची फायनल होती. जिंकणाऱ्या टीमच्या पिचरकडे निवड समितीचं लक्ष जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोर शेजारच्या जिल्ह्याची टीम. त्यांची पिचर श्रद्धा नावाची मुलगी, कल्याणीएवढीच, सडपातळ, आणि काय फेकायची. दोन्ही बाजूंनी बॉलची नुसती शिट्टी ऐकू येत होती.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे. त्यांच्या दोन मुली आउट, दोघी बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवर, उभ्या. एक मुलगी आउट केली की कप आमचा. बोरस्ते काकांनी पेढ्यांच्या पुड्याची गाठ सोडायला घेतली होती.

गांगुर्डे उभे राहिले. "सर. पंच्याहत्तर."

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी त्यांच्या शेजारीच होते, त्यांनी ऐकलं होतं.

"सर, पंच्याहत्तर झाले."

मैदानावर कल्याणी बॉल हातात फिरवत उभी होती. तिलाही माहीत होतं. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही, समोर बॉल झेलणाऱ्या कॅचरकडेच बघत राहिली.

सर वळले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "गांगुर्डे, नीट मोजलंत ना? एखादा जास्त धरला गेला असेल."

"सर, पोरगी माझी हाय," गांगुर्डे म्हणाले. "चुकलो असतो तर कमीच मोजले असते."

मी एवढी हातांची डॉक्टर, सीझनभर नियम नियम करणारी, पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं की या माणसाने गप्प बसावं. हे मी आज कबूल करते. सरांनी एकदा आपला उजवा हात डाव्या हातात धरला, मग आत चालत गेले आणि कल्याणीच्या हातातून बॉल घेतला. तिने तो सहजासहजी दिला नाही. तिच्या जागी अनुष्का आली, बारा वर्षांची, भीतीने पांढरी पडलेली. तिचा तिसराच बॉल बॅटला लागला आणि लांब गेला. बेसवरच्या दोन्ही मुली पळत होम प्लेटला पोचल्या, दोन रन झाले. आम्ही हरलो.

कल्याणी ओट्यावर तोंड फिरवून बसली. गांगुर्डे तिच्याजवळ जाऊन उभे राहिले तेव्हा ती उठून दुसऱ्या टोकाला गेली. ते परत आले आणि माझ्या शेजारी खुर्चीवर बसले, वही मांडीवर घेऊन. बोरस्ते काकांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकला.

पलीकडे जल्लोष चालला होता. श्रद्धाला खांद्यावर घेतलं होतं, हातात कप दिला होता. त्या गर्दीतून एक बाई आमच्याकडे येताना दिसल्या. साधी साडी, हातात डब्याची पिशवी. येऊन गांगुर्डेंसमोर उभ्या राहिल्या.

"दादा, तुम्ही मघापासून लिहीत होता ना? मी तिकडून बघत होते." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी श्रद्धाची आई. तुमच्या पोरीला तुम्ही आकडा सांगून खाली बसवलं. आमच्या पोरीचे किती झाले, ते कुठं कळंल?"

गांगुर्डेंनी वहीचं पान उलटलं. मी वाकून पाहिलं. पलीकडच्या पिचरच्याही रेघा तिथे ओढलेल्या होत्या, पाच पाचच्या जुड्या करून, पहिल्या इनिंगपासून. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी बोट ठेवून एकदा मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं.

"ताई, एकशे अठरा."

"हे लय झाले का?"

गांगुर्डेंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. माझ्या दवाखान्याचा नंबर द्यावा म्हणून मी पर्समध्ये कागद शोधायला लागले, तोवर बाई वळल्याही होत्या. गर्दीत शिरल्या, पोरींना म्हणाल्या, हिला खाली उतरवा. श्रद्धा उतरली. आईने तिच्या उजव्या हातातला कप काढून घेतला आणि डाव्या हातात दिला.

फोटोवाला ओरडला, "ओ ताई, कप उजव्या हातात द्या, या बाजूनं नाव दिसत नाही!"

"नाही दिसलं तर नाही दिसलं," बाई म्हणाल्या. "असाच काढा."